सहापैकी चार

नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तारखांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण मूत्राशयाच्या कर्करोगाचं हे प्रकरण तारखांचंच आहे. लिहायला घरच्यांची हरकत नाही. तात्यांची अट एवढीच होती की बिडीचा उल्लेख करायचा असेल तर ती आता सुटली आहे हेही लिहायचं. लिहिलं.

पार्श्वभूमी

तात्या, वय ६४. बत्तीस वर्षं एसटीत चालक. निवृत्तीनंतर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावी, घरच्या घरी. खारबंधाऱ्याच्या (खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) आत वीस-बावीस गुंठे भातजमीन, परड्यात हापूसची चार कलमं. थोरला मुलगा नालासोपाऱ्याला नोकरीला, धाकटा घरीच.

२०२३ च्या जूनमध्ये लघवीतून रक्त गेलं. दुखत नव्हतं, म्हणून 'उन्हाळी लागली असेल' असं धरून पंधरा दिवस धने-जिऱ्याचं पाणी पिण्यात गेले. दुखत नाही आणि तरीही रक्त जातं, हेच खरं तर घाबरण्याचं लक्षण. थोरल्याने मुंबईला नेलं. दुर्बिणीतून लघवीच्या पिशवीतली गाठ खरवडून काढली. कर्करोग निघाला. अहवालात दोन गोष्टी होत्या: जहाल पेशींची, पण स्नायूपर्यंत न पोचलेली गाठ, आणि तिच्या शेजारी अस्तरातच पसरलेला कार्सिनोमा इन सिटू. हा दुसरा प्रकार गाठ धरत नाही, मखमलीसारखा लालसर चट्टा दिसतो, आणि म्हणूनच तो खरवडून संपत नाही.

त्यावरचा पहिला उपाय म्हणजे बीसीजी. टीबीची लस म्हणून आपल्या दंडावर जिचा व्रण असतो तीच, पण कितीतरी मोठ्या डोसात, सलाइनमध्ये मिसळून नळीने लघवीच्या पिशवीत सोडायची आणि दोन तास धरून ठेवायची. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. काकूंना हे अजिबात पटलं नव्हतं. "टीबीची लस कॅन्सरला कशी काय?" बीसीजी कर्करोगाला फारशी मारत नाही, ती अस्तराला चिकटून गलका करते. त्या गलक्याने रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि एकमेकींना निरोप देणारी प्रथिनं सोडतात. ही निरोप्या प्रथिनं म्हणजे सायटोकाइन्स. पहिल्या एक-दोन डोसांनंतर ती लघवीत फारशी सापडत नाहीत, पुढच्या डोसांबरोबर वाढत जातात. ही ओळ मला आधीपासून माहीत होती. ती वेळेवर आठवली नाही, एवढंच.

अडचण

मे २०२४ च्या तपासणीत दुर्बिणीत पुन्हा लाल चट्टा दिसला आणि लघवीतही कर्करोगाच्या पेशी सापडल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, बीसीजी फेल गेली, पिशवी काढून टाकू. शस्त्रक्रियेनंतर आतड्याच्या तुकड्यातून लघवीला पोटावर वाट करून द्यायची आणि तिथे बाहेरून पिशवी लावायची. तात्या घरी आले ते कोणाशी न बोलता.

त्याच्या महिनाभर आधी, २२ एप्रिल २०२४ ला, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, नेमक्या याच स्थितीसाठी एका नव्या औषधाला मान्यता दिली होती. नोगापेन्डेकिन अल्फा इनबॅकिसेप्ट असं जिभेला गाठ मारणारं नाव, बाजारातलं नाव अँक्टिव्हा, प्रयोगशाळेतलं जुनं नाव एन-८०३. थोरल्याने बातमी मला पाठवली आणि खाली लिहिलं, "ताई, तुम्ही यातल्याच ना? हे मिळेल का?"

मी यातलीच. आज कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, पण त्याआधी सहा वर्षं इंटरल्यूकिन-२ या सायटोकाइनच्या कुळातल्या प्रथिनांवर काम केलं आहे. या रेणूबद्दल कोणी विचारलं की माझं तोंड थांबत नाही, आणि या प्रकरणात पहिली चूक तिथेच झाली.

रेणूची गोष्ट, मी सांगितली तशी

पडवीत बसून सांगितलं. इंटरल्यूकिन-२ हा टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, 'वाढा' असा निरोप देणारा रेणू. १९९२ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी तो औषध म्हणून मान्य झाला, १९९८ मध्ये मेलॅनोमासाठी (त्वचेचा एक कर्करोग). डोस दर किलो वजनामागे ६ लाख युनिट, शिरेतून, दर आठ तासांनी, एका फेरीत जास्तीत जास्त १४ वेळा. एवढा मारा करावा लागतो कारण रक्तात तो तासा-दीड तासात निम्मा उरतो. थोड्या रुग्णांचा कर्करोग यातून पूर्ण गेला आणि परत आला नाही, म्हणून हे औषध कोणी टाकून दिलं नाही. पण बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तदाब कोसळतो, फुप्फुसात पाणी भरतं. अतिदक्षता विभागाच्या तयारीशिवाय ते देताच येत नाही.

"बांध फुटतो म्हण की," तात्या म्हणाले.

"फुटत नाही, झिरपतो."

"मग खेकड्यांची बिळं," ते म्हणाले. खेकड्यांनी बिळं पाडली की बांध बाहेरून धड दिसतो आणि आतली जमीन खारी होते. केशवाहिन्यांच्या गळतीसाठी याहून नेमकी उपमा मला वर्गात कधी सापडली नव्हती.

त्यामुळे पुढचं सोपं झालं. खारबंधाऱ्याला उघाडी असते. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच बंद होते. प्रथिनांचे अभियंते गेली वीस-पंचवीस वर्षं इंटरल्यूकिनला अशी उघाडी बसवायच्या खटपटीत आहेत. एक वाट आकार बदलण्याची. इंटरल्यूकिन-२ पेशीवरच्या ज्या कड्यांना (रिसेप्टर) धरतं त्यातलं अल्फा नावाचं कडं नियामक टी-पेशींवर दाट असतं, आणि या पेशी हल्ला शांत करणाऱ्या. ते कडं चुकवून फक्त बीटा-गॅमा धरेल असा रेणू घडवायचा. २०१९ मध्ये डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेने संगणकावर असा रेणू अगदी कोऱ्या पाटीवरून रचून दाखवला. दुसरी वाट रेणूला बुरखा घालण्याची. गाठीजवळच्या विकरांनीच तो फाटावा आणि इतरत्र रेणू मुका राहावा. तिसरी वाट साधी: हवा तिथेच सोडायचा, रक्तात जाऊच द्यायचा नाही.

एन-८०३ मध्ये पहिली आणि तिसरी वाट एकत्र आली आहे. मुळात ते इंटरल्यूकिन-१५. बीटा-गॅमा कड्यांना तेही धरतं, पण नियामक पेशींना इंटरल्यूकिन-२ इतकं फुलवत नाही. त्यात ७२ व्या जागेवरचं ॲस्परॅजिन काढून ॲस्पार्टिक आम्ल बसवलं, त्याने पकड घट्ट झाली. सोबत त्याच्या स्वतःच्या अल्फा कड्याचा तुकडा जोडला (या तुकड्याला शास्त्रात खरोखरच 'सुशी' म्हणतात) आणि टिकावं म्हणून प्रतिपिंडाचा बुंधा. हे सगळं बीसीजीत मिसळून नळीने पिशवीत सोडायचं. रक्तात फारसं उतरत नाही, म्हणून जुन्या इंटरल्यूकिनची भीतीही उरत नाही.

उत्साहाच्या भरात मी दोन संध्याकाळी हे सांगितलं. घरच्यांनी ऐकलं ते असं: औषध आहे, सुरक्षित आहे, ताईंना माहीत आहे.

पर्याय

मेअखेरीस थोरला गावी आला तेव्हा आम्ही वहीत पर्याय लिहून काढले.

पिशवी काढणं सगळ्यात खात्रीचं. बीसीजीला दाद न देणाऱ्या कार्सिनोमा इन सिटूत आजही पहिली शिफारस हीच आहे, आणि उशीर केला तर रोग स्नायूत उतरण्याचा धोका. तात्यांचा विरोध मरणाच्या भीतीने नव्हता. "ती पिशवी लावून खाडीत कसा उतरू?" एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि तो आम्ही सगळ्यांनी हसण्यावारी नेला.

एन-८०३ चा हिशेब दहा मिनिटांत आटोपला. अमेरिकेत एका डोसची छापील किंमत ३५,८०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास ३० लाख रुपये. पहिल्या फेरीचे सहा डोस पावणेदोन कोटींच्या वर. भारतात मान्यता नव्हती, म्हणून स्वतःच्या वापरासाठी आयात करायला फॉर्म १२-ए चा अर्ज आणि १२-बी चा परवाना. परवाना मिळतोही, पैसे मिळत नाहीत. चाचणीचे आकडे चांगले होते, ७७ रुग्णांपैकी ६२ टक्क्यांत रोग पूर्ण दिसेनासा झाला, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मी ही गोष्ट सांगितली, पण हळू आवाजात.

पेम्ब्रोलिझुमॅब शिरेतून देतात. २०२० पासून या स्थितीसाठी अमेरिकेत मान्य आहे, चाचणीत ९६ पैकी ४१ टक्क्यांना पूर्ण प्रतिसाद. तेही महाग, आणि त्याचे परिणाम अंगभर होतात. जेमसिटाबिन आणि डोसिटॅक्सेल ही जुनी केमोथेरपीची औषधं एकामागून एक पिशवीत सोडण्याचा मार्ग स्वस्त होता, तो तालुक्याच्या गावी दर मंगळवारी येणाऱ्या यूरोलॉजिस्टनी सुचवला.

पुन्हा बीसीजी हा पर्याय वहीत नव्हताच. फेल गेलेलं औषध परत कोण घेतं?

चिठ्ठ्या

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी थोरल्याला मदत म्हणून आयातीच्या अर्जाची पूर्वतयारी करायला बसले. पैशांची सोय कुठल्या तरी संस्थेकडून होईल अशी त्याला अजून आशा होती. अर्जाला उपचारांचा पूर्ण तपशील लागतो, म्हणून काकूंनी पत्र्याच्या डब्यातून सगळे कागद काढून दिले. त्यात इंजेक्शन रूमच्या छोट्या चिठ्ठ्या टाचणीला टोचून ठेवलेल्या होत्या.

२९ ऑगस्ट २०२३. ५ सप्टेंबर. १२ सप्टेंबर. मग थेट ३ ऑक्टोबर. पुढे काही नाही.

"मधल्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"मध्ये गणपती नव्हते का?" काकू म्हणाल्या.

१९ सप्टेंबरला गणपती बसले होते. तात्या गौरी-गणपती सोडून मुंबईत राहणं शक्यच नव्हतं, आणि परतीचं तिकीट दोन आठवडे मिळालं नाही. ३ ऑक्टोबरच्या डोसनंतर तीन दिवस ताप आला, म्हणून पुढचा डोस पुढे ढकलला. पुढे ढकलला तो राहूनच गेला. जानेवारीच्या देखभालीच्या फेरीत (पहिल्या फेरीचा परिणाम टिकावा म्हणून नंतर देतात ते डोस) तीनपैकी दोन झाले. रुग्णालयाच्या सारांशात मात्र लिहिलं होतं: सहा आठवड्यांचा बीसीजी कोर्स पूर्ण. सहा आठवडे खरंच झाले होते. डोस चार झाले होते.

'बीसीजीला दाद न देणारा' हा शिक्का उगाच मारत नाहीत. पहिल्या फेरीत सहापैकी किमान पाच डोस, आणि त्यानंतर देखभालीच्या तीनपैकी दोन किंवा दुसऱ्या फेरीतले किमान दोन, एवढं होऊनही रोग राहिला किंवा परतला, तर तो शिक्का. तात्यांना तो लागूच होत नव्हता. त्यांना बीसीजी फेल गेली नव्हती, कमी पडली होती. एन-८०३ ची मान्यताही याच शिक्क्याच्या रुग्णांपुरती होती, म्हणजे ज्या औषधामागे आम्ही महिना घालवला त्याच्या व्याख्येतही तात्या बसत नव्हते.

मला सगळ्यात लागलं ते हे की मी दर वर्षी वर्गात इंटरल्यूकिन-१२ ची गोष्ट सांगते. १९९५ च्या चाचणीत १७ रुग्णांपैकी १२ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं आणि दोघे दगावले. आधीच्या टप्प्यात तोच रेणू, तोच डोस लोकांनी सोसला होता. फरक एकच: आधीच्या वेळी मुख्य फेरीच्या दोन आठवडे अगोदर एक चाचणी डोस दिला जायचा, तो नव्या आराखड्यात गाळला होता. त्या एका डोसने शरीर पुढच्या माऱ्याला सरावत होतं. रेणू बदलला नाही, तारखा बदलल्या, आणि माणसं गेली. ही गोष्ट तोंडपाठ असलेल्या बाईने तात्यांच्या तारखा महिनाभर विचारल्या नाहीत.

बाय द वे, सहाचा आकडाही काही आकाशवाणीतून आलेला नाही. कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये नऊ रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. त्यांना मिळणारी बीसीजी सहा कुप्यांच्या खोक्यात यायची, म्हणून सहा. पण पुढचा सगळा अनुभव त्या सहावरच उभा राहिला आहे, आणि चारवर काय होतं याची खात्री कोणी देत नाही.

काय केलं

चिठ्ठ्यांचे फोटो मंगळवारच्या यूरोलॉजिस्टना आणि मुंबईच्या डॉक्टरांना, दोघांनाही पाठवले. मुंबईचे डॉक्टर आधी चिडले, मग त्यांनीच सुचवलं की पुन्हा खरवडून नमुने घेऊ आणि सीटी करू. स्नायूत शिरकाव नसेल तरच बीसीजीची दुसरी फेरी. अशा दुसऱ्या फेरीने कार्सिनोमा इन सिटूत जवळपास निम्म्या जणांना गुण येतो. नमुन्यांत शिरकाव नव्हता.

मग दोन गोष्टी ठरल्या. पहिली, डोस मुंबईत घ्यायचे नाहीत, तालुक्याच्या गावी घ्यायचे. बीसीजी बर्फाच्या डब्यातून आणायची. (ती पुण्यात बनते. अमेरिकेत तेव्हा बीसीजीचा इतका तुटवडा होता की अँक्टिव्हा बनवणाऱ्या इम्युनिटीबायोने मे २०२४ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशीच पुरवठ्याचा करार केला. आम्ही साता समुद्रापलीकडे बघत होतो तेव्हा ते इकडे बघत होते.) दुसरी गोष्ट थोरल्याने वहीत लिहून तात्यांची सही घेतली: या फेरीनंतर लाल चट्टा दिसला तर तिसरा विचार नाही, शस्त्रक्रिया.

सहीआधी तात्यांना शेजारच्या गावातल्या एका माणसाकडे नेलं. पोटावर पिशवी घेऊन तो चार वर्षं जेटीवर मासळीचा लिलाव करतोय. दोघे आत गेले, दार लावलं. बाहेर आल्यावर तात्या एवढंच म्हणाले, "पट्टा बांधून उतरतो तो पाण्यात." खाडीच्या प्रश्नाचं उत्तर मेमध्येच शोधायला हवं होतं.

९ जुलै २०२४ पासून दर मंगळवारी डोस. गणपती ७ सप्टेंबरला, म्हणजे सहा डोस आणि वर तीन मंगळवार मोकळे. १४ जुलैला दिवाणखवटीजवळ दरड कोसळून कोकण रेल्वे बंद पडली. डोस मुंबईत असता तर दुसऱ्याच मंगळवारची धाकधूक. आम्हाला फक्त तालुक्याला जायचं होतं.

खरी पंचाईत दोन तास धरून ठेवण्याची. "बोरिवलीपर्यंत गाडी नेलीय मी, पनवेलशिवाय उतरलो नाही कधी," असं सांगणाऱ्या माणसाला आता तासभरही निघेना. पहिल्या वेळी ५० मिनिटांत धावले. पुढच्या वेळेपासून आदल्या रात्रीपासून चहा बंद, सकाळी पाणी दोन घोट, आणि कळ कमी करायची गोळी. खाटेवर पंधरा-पंधरा मिनिटांनी कूस बदलायची, धाकटा मोबाइलवर गजर लावून बसायचा. तिसऱ्या वेळी एक तास चाळीस मिनिटं झाली. घरी परतल्यावर सहा तास बसूनच लघवी करायची आणि संडासात ब्लीच ओतून थांबायचं, हे काम काकूंनी स्वतःकडे घेतलं.

चौथ्या डोसनंतर परत ताप. गेल्या वेळी फेरी इथेच तुटली होती. डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली, ताप दोन दिवसांत उतरला, जंतुसंसर्ग निघाला नाही. एक मंगळवार सोडून १३ आणि २० ऑगस्टला उरलेले दोन डोस दिले. मोकळ्या ठेवलेल्या मंगळवारांतला एक असा कामी आला.

काय झालं

ऑक्टोबर २०२४ ला दुर्बीण, लघवी आणि नमुने, तिन्ही स्वच्छ. देखभालीचे तीन डोस वेळेवर. एप्रिल २०२५ स्वच्छ. त्यापुढच्या तपासणीत लघवीच्या पेशी 'संशयास्पद' आल्या, नमुन्यात मात्र काही सापडलं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं ठरलं. पिशवीची क्षमता कमी झाली आहे, रात्री चारदा उठावं लागतं. मुंबईची गाडी पकडायची तर तात्या आता शौचालयाजवळची सीट मागतात.

पुन्हा असं प्रकरण समोर आलं तर

पहिल्या दिवशी सारांश नको, चिठ्ठ्या मागेन. कोणत्या तारखेला, किती मिनिटं धरलं, ताप किती दिवस. 'फेल' हा शब्द कोणीही वापरला की आधी तो मोजून घेईन.

नव्या रेणूबद्दल विचारलं तर किंमत आणि पात्रता पहिल्या पाच मिनिटांत सांगेन, उघाडी नंतर. आणि बेमपेगाल्डेस्ल्यूकिनचंही सांगेन, जे मी त्या संध्याकाळी गाळलं होतं. इंटरल्यूकिन-२ वर मऊ साखळ्या चढवून बनवलेलं हे औषध कागदावर देखणं होतं, पण २०२२ मध्ये मेलॅनोमावरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत नापास झालं.

मे ते जुलै गेलेला वेळ आमच्या नशिबाने अंगाशी आला नाही. नमुन्यात स्नायूचा शिरकाव निघाला असता तर ही नोंद मी वेगळ्या सुरात लिहिली असती, किंवा लिहिलीच नसती. आणि पहिल्या फेरीतले गणपती? डॉक्टरांनी तारखा देताना पंचांग पाहिलं नाही, तात्यांनी सण येतोय हे सांगितलं नाही. २९ ऑगस्टऐवजी सुरुवात २४ सप्टेंबरनंतर केली असती तरी सहाही डोस झाले असते. त्या चार आठवड्यांच्या उशिराने काही बिघडलं असतं का, यावर दोन्ही डॉक्टरांचं एकमत नाही.

काकूंनी आता पुढच्या तपासणीची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिली आहे. चिठ्ठ्यांची टाचणी शेजारच्या खिळ्याला.